ऊब द्यायची की काढून घ्यायची?

राजहंसाच्या अंड्यात पिल्लू वाढायचं तर त्याला महिनाभर ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. अंडी उबवण्याबद्दलची बहुतेक माहितीपत्रकं या आकड्यापासून सुरू होतात आणि पुढची पानं ही ऊब टिकवायची कशी यावर खर्च करतात. ती लिहिणारे थंड देशांतले असतात, किंवा थंड देशांतल्या पुस्तकांवरून लिहिणारे. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३च्या पुढे जातो. उबवणी यंत्रातल्या थर्मोस्टॅटला एकच काम येतं: ऊब कमी पडली की हीटर चालू करायचा, पुरेशी झाली की बंद करायचा. खोलीच ४२ अंशांवर असेल तर हीटर बंद करूनही यंत्र ४२वरच राहणार. अंड्यातलं पिल्लू थंडीचे काही तास सोसतं. ४१-४२ अंशांचे काही तास त्याचा जीव घेतात. म्हणून आपल्याकडे राजहंसाची अंडी उबवण्यात खरं कसब ऊब देण्याचं कमी आणि ऊब काढून घेण्याचं जास्त आहे. हे प्रकरण मुख्यतः त्याबद्दल.

आधी पक्षी कोणता ते पक्कं करू. आपल्या बाजारात ‘राजहंस’ म्हणून विकला जातो तो पाळीव गूस. चोचीच्या मुळाशी गाठ असलेला, पांढरा किंवा करडा-तपकिरी, माणूस दिसला की मान लांब करून अंगावर येणारा. गाठवाले पक्षी पूर्व आशियातल्या रानटी हंसकुळातून माणसाळले, युरोपातले बिनगाठीचे तिथल्या करड्या गूसपासून. भारतात अधिकृत नोंद झालेली राजहंसाची एक देशी जात काश्मीरची, ‘काश्मीर अंझ’; विदर्भात मिळतात ते बहुधा चिनी वळणाचे मिश्र पक्षी. हिवाळ्यात आपल्या तलावांवर उतरणारा पट्टकादंब हाही गूसच, पण तो घरटं करायला लडाख-तिबेटकडे परत जातो. त्याचं अंडं इथे सापडणारच नाही. सापडतील ती अडई, काणूक, हळदी-कुंकू बदक यांची. ती उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे शेततळ्याकाठी हिंडणाऱ्या पोरांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अंडी मिळाली म्हणजे पिल्लं मिळतीलच असं नाही. राजहंसाचा नर चार-पाच माद्यांपुरता असतो, कोंबड्यासारखा दहा-बारांना पुरत नाही, आणि जोडी जमवण्याच्या बाबतीत भलता हट्टी. ऐन हंगामात नवा नर आणून कळपात सोडला तर तो कित्येकदा माद्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. जोड्या दोन-तीन महिने आधी जमवाव्यात. पहिल्या वर्षीची अंडी लहान असतात, फळतातही कमी. दुसऱ्या वर्षापासून भरवसा येतो. अंगभर पाण्यात डुंबता आलं तर मीलन चांगलं होतं; त्यासाठी तलाव लागत नाही, बैलांना पाणी पाजायची सिमेंटची टाकी पुरते.

हंगाम कधीचा? युरोपातल्या पुस्तकांत फेब्रुवारी ते मे लिहिलेलं असतं. तिथे दिवस मोठा होऊ लागला की मादी अंड्यावर येते. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगचे राजहंस मात्र दिवस लहान होऊ लागले की अंडी घालू लागतात आणि उन्हाळ्यात थांबतात. यवतमाळ त्याहूनही थोडं दक्षिणेला, विसाव्या अक्षांशाच्या जरा वर. आपल्या पक्ष्यांचं रक्त मिश्र असल्यामुळे त्यांचं वेळापत्रक कळपाकळपाला बदलतं. आपल्या मादीने पहिलं अंडं कधी घातलं ते दरवर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. तीन वर्षांत कुठल्याही पुस्तकापेक्षा ते कॅलेंडर खरं बोलू लागतं.

राजहंसाचं अंडं १२० ते २०० ग्रॅमचं, म्हणजे देशी कोंबडीच्या तीन-चार अंड्यांएवढं. मादी साधारण दिवसाआड घालते, त्यामुळे सात-आठ अंडी जमायला दोन आठवडे लागतात. तोवर ती ठेवायची कुठे, हा आपल्या हवामानातला पहिला पेच. अंडं बाहेर पडतं तेव्हा गर्भाची वाढ सुरू झालेलीच असते. थंडावा मिळाला की ती थांबते आणि ऊब मिळाली की पुढे सरकते. ही सीमारेषा साधारण २०-२१ अंशांची. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या खोलीत अंडी आठवडाभर सहज राहतात. एप्रिलमध्ये त्याच खोलीत ३२ अंश असतात. तिथे गर्भ धड थांबत नाही, धड वाढत नाही आणि काही दिवसांत आतल्या आत मरतो. मग दोष नराला दिला जातो. फ्रिजचा खालचा कप्पा फार थंड. त्यापेक्षा ओल्या वाळूत बसवलेलं मातीचं मडकं, त्यावर ओलं फडकं, आणि ते वारा खेळेल अशा ठिकाणी: कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच उतरतं. अंडी त्यात आडवी ठेवावीत, रोज एकदा उलटावीत आणि शक्यतो आठवड्याच्या आत बसवावीत. पाण्याने धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतला गेला की हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत जायला मोकळे. शेण लागलेलं असेल तर वाळल्यावर खरवडून काढावं. फारच माखलेलं अंडं सरळ बाजूला करावं.

आता उबवणार कोण? मादी स्वतः बसली तर तिच्यासारखं कोणीच नाही. ती आपली पिसं उपटून घरट्यात अस्तर घालते, दिवसातून एकदा उठते, उठताना अंडी पिसांनी झाकते, चरते, डुंबते आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. या एका फेरीत अंडी गारही होतात आणि ओलीही. नर अंड्यांवर बसत नाही, पहारा देतो. चिनी वळणाच्या माद्या मात्र बसण्यात कच्च्या असतात आणि मधेच उठून जातात. म्हणून खेड्यात जुना उपाय खुडूक कोंबडीचा. देशी कोंबडी हे काम चोख करते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. तिच्या पोटाखाली राजहंसाची चार, फार तर पाच अंडी मावतात. आणि तिचा स्वतःचा हिशोब २१ दिवसांचा असतो, राजहंसाचं पिल्लू ३० ते ३२ दिवस घेतं. नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडावी, आधीच दहा दिवस बसून खंगलेली नको. टोपल्यात कुटार टाकण्यापूर्वी उवा-पिसवांचा बंदोबस्त करावा, नाहीतर पंधराव्या दिवशी ती अंगाची खाज सोसवेना म्हणून उठते. अंड्यांशेजारी लोखंडाचा तुकडा ठेवला की विजेच्या कडकडाटाने अंडी नासत नाहीत, अशी समजूत आहे. ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने अंड्याचं काही बिघडत नाही.

कोंबडीला एक काम मात्र जमत नाही. दीडशे ग्रॅमचं अंडं तिला चोचीने नीट उलटवत नाही. ते दिवसातून दोन-तीनदा आपल्या हाताने करावं लागतं. उलटणं इतकं महत्त्वाचं का? एकाच बाजूवर पडून राहिलं तर गर्भ आतल्या आवरणाला चिकटतो, आणि रक्तवाहिन्यांचं जाळं कवचाच्या आतून पूर्ण पसरत नाही. पांढरा बलकही नीट वापरला जात नाही. मोठ्या अंड्यात हे सगळं अधिक बिघडतं. राजहंसाच्या मादीत तर ही हालचाल उपजतच भिनलेली असते. १९३०च्या दशकात कोनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गन यांनी ऑस्ट्रियात करड्या गूसवर प्रयोग केले. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं मादी मान लांब करून चोचीच्या खालच्या बाजूने हळूहळू आत ओढून घेते. मधेच त्यांनी ते अंडं काढून घेतलं, तरी तिने नसलेलं अंडं शेवटपर्यंत ओढून घरट्यात आणलं. या आणि अशा निरीक्षणांसाठी दोघांना कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत १९७३चं नोबेल मिळालं.

यंत्राचं पाहू. बाजारात मिळणारी घरगुती यंत्रं कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेली असतात. त्यांचा आपोआप फिरणारा ट्रे अंडं दोन्ही बाजूंना ४५ अंशांत कलवतो. राजहंसाला एवढं पुरत नाही. अंडं आडवं ठेवून अर्धा वळसा द्यावा लागतो. त्यामुळे कवचावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा हाताने फिरवावं. विषम संख्या अशासाठी, की रात्रीचा लांब मुक्काम दररोज एकाच बाजूवर पडू नये. यंत्रावरच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. घरातलं ताप मोजायचं थर्मामीटर इथे फार उपयोगी, कारण ते नेमकं याच टप्प्यात अचूक असतं. अंड्यांच्या उंचीवर ठेवून ताडून पाहावं. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे कारागीर तेवढंही वापरत नसत, अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब जोखत. या भट्ट्यांची हकिकत ऐकून फ्रान्सच्या रेओमूरने १७४९मध्ये कृत्रिम उबवणीवर अख्खा ग्रंथ लिहिला.

आणि आता आर्द्रता, जिथे यवतमाळकरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. पहिल्या २७ दिवसांत यंत्रातली आर्द्रता ५० ते ५५ टक्के हवी. हवा तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण टक्केवारी घसरते. डिसेंबरमध्ये खोली २० अंशांवर आणि हवेत ५० टक्के ओलावा असेल, तर तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांना गेल्यावर सुमारे १८ टक्क्यांवर येते. पावसाळ्यात २७ अंश आणि ८८ टक्के असताना यंत्रात सुमारे ४९ टक्के भरतात. तेव्हा पाण्याची वाटी जवळपास कोरडीच ठेवली तरी चालतं. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत ३० अंश आणि ५५ टक्के धरले, तर यंत्रात ३६ टक्के. म्हणजे एकच यंत्र, एकच वाटी आणि तीन ऋतूंत तीन वेगळे निकाल. ‘वाटीत पाणी भरून ठेवा’ एवढाच सल्ला देणाऱ्याने विदर्भाचे ऋतू पाहिलेले नसतात.

ओलावा बरोबर आहे की नाही हे अंडंच सांगतं, वजनातून. उबताना अंड्यातलं पाणी छिद्रांवाटे बाहेर जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू बाहेर येईपर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ ते १५ टक्के कमी झालं पाहिजे. १५० ग्रॅमचं अंडं धरा. १४ टक्के म्हणजे २१ ग्रॅम; २८ दिवसांत ते उतरायचे तर आठवड्याला सव्वापाच ग्रॅमच्या आसपास. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्याला आठ ग्रॅम उतरत असतील तर हवा फार कोरडी आहे: पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. खोली नव्हे, पसरटपणा महत्त्वाचा, म्हणून वाटीऐवजी ताटली किंवा पाण्यात बुडवलेला स्पंज. तीनच ग्रॅम उतरत असतील तर पाणी काढून टाका. फार ओलं राहिलेलं पिल्लू सुजलेलं असतं, पोकळीत डोकं घालायला त्याला जागाच उरत नाही.

गार करण्याकडे येऊ. पहिला आठवडा अंड्याला सगळी ऊब बाहेरून लागते. दुसऱ्या आठवड्यापासून आतला जीव स्वतःची उष्णता तयार करू लागतो, आणि शेवटच्या टप्प्यात अंडं भोवतालच्या हवेपेक्षा अंश-दीड अंशाने गरम असतं. मोठ्या अंड्यात आकारमानाच्या मानाने कवच कमी, म्हणून ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. कोंबडीच्या अंड्याला जे चालतं ते राजहंसाच्या अंड्याला चालत नाही, त्याचं मुख्य कारण हे. साधारण आठव्या दिवसापासून दिवसातून एकदा यंत्राचं झाकण उघडून अंडी दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यावीत आणि शेवटी त्यांवर कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा. मादीच्या रोजच्या फेरीची ही नक्कल. डिसेंबरमध्ये ती अगदी सोपी. एप्रिल-मेमध्ये मात्र ४० अंशांच्या खोलीत झाकण उघडणं म्हणजे गार करणंच नव्हे. तिथे फवारा आधी आणि वारा नंतर. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. घरातला कूलर या काळात उबवणी यंत्राइतकाच महत्त्वाचा. कोरड्या हवेत तो खोली दहा अंशांनी उतरवतो, वर ओलावाही देतो. दुपारी वीज गेली तर मात्र कूलर आणि यंत्र दोन्ही बंद, आणि पंखा थांबला की आतली ऊब कोंडते. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया यंत्र गोधडीत गुंडाळायची होते. हिवाळ्यातल्या रात्री ते बरोबर. मेच्या दुपारी झाकण उघडायचं, ओलं फडकं वर टांगायचं आणि अंडी घरातल्या सर्वांत गार खोलीत न्यायची. पंधराव्या दिवसानंतरचं अंडं दोन-तीन तास गार झालं तरी निभावतं.

दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी लावून अंडी पाहावीत. फळलेल्या अंड्यात गडद ठिपका आणि त्यातून निघालेल्या लाल शिरांचं जाळं दिसतं. स्वच्छ पिवळसर दिसलं तर वांझ. लाल कडं दिसलं तर गर्भ मेलेला. ही दोन्ही काढून टाकावीत, कारण नासलेलं अंडं यंत्रात फुटलं तर बाकीची सगळी त्यात जातात. पंचविसाव्या दिवशी पुन्हा पाहिलं की पोकळी सोडून सगळं अंडं काळं दिसतं.

२७व्या-२८व्या दिवशी फिरवणं आणि गार करणं बंद, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर. आधी पिल्लू चोचीने आतलं आवरण भेदून हवेच्या पोकळीत श्वास घेऊ लागतं. कानाशी धरलं तर टकटक आणि चिवचिव ऐकू येते. मग कवचावर तडा. इथून पुढे माणसाची परीक्षा असते, पिल्लाची कमी. तडा गेल्यापासून बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात, आणि बराच काळ काहीच घडत नाही. पण आत काम चालू असतं: आवरणातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या शरीरात परत जातं, उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जातो. या वेळी घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होतो आणि धडधाकट पिल्लू हातात मरतं. उलट, दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहणाऱ्यांच्या यंत्रात आपल्या कोरड्या हवेने आतलं आवरण पापडासारखं कडक होतं आणि पिल्लू त्यात अडकतं. काचेतून पाहा, झाकणाला हात लावू नका. तडा जाऊन पूर्ण दोन दिवस झाले, आवरण पांढरं-कोरडं पडलं आणि त्यात रक्त दिसत नसेल, तरच कोमट पाण्याच्या बोटाने ते ओलं करून थोडी वाट मोकळी करावी.

बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दीड-दोन दिवस उपाशी राहू शकतं. ते ज्याला पहिल्यांदा चालताना पाहतं त्याच्या मागे लागतं. लोरेंझच्या आधी ऑस्कर हाइनरोथने हे नोंदवलं होतं. लोरेंझच्या मागे तर पिल्लांची रांगच चालत असे. घरात यंत्रावर एकच पिल्लू निघालं तर त्याची आई तुम्ही, आणि ही नोकरी काही महिने सुटत नाही. म्हणून निदान तीन-चार अंडी एकत्र बसवावीत. पहिला आठवडा पिल्लांना ३२ अंशांच्या आसपास ऊब हवी, जी यवतमाळच्या उन्हाळ्यात फुकट मिळते, बल्ब रात्रीपुरता. खाली गुळगुळीत कागद टाकू नये, पाय फाकतात. पोतं अंथरावं. पाणी नाकपुड्या बुडतील एवढं खोल, पण पिल्लू पडणार नाही एवढं उथळ.

पहिल्या दिवसापासून ही पिल्लं गवत खातात, आणि कापसाच्या जिल्ह्याला राजहंसात रस असायला हवा तो यामुळे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यात कापसाच्या शेतांत तण काढायला राजहंस सोडत, एकरी दोन-चार. ते गवतवर्गी तण खातात आणि कापसाच्या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. त्यांच्या आवडीच्या यादीत पहिल्या रांगेत येते ती हरळी, जिच्यापुढे आपल्याकडे निंदणाची मजुरीही हरते आणि डवराही. तणनाशकं स्वस्त झाल्यावर तिकडे ही पद्धत मागे पडली. आपल्याकडे ती करून पाहायची तर अट एकच: फवारणीच्या शेतात राजहंस सोडता येत नाही. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. गवताच्या पात्यांवर बसलेला तो फवारा पक्षी पोटभर खाणार. बांधावर, संत्र्याच्या बागेत, परसातल्या रिकाम्या जागेत मात्र पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की उन्हं उतरल्यावर सोडायला हरकत नाही.

तेव्हा पहिल्यांदा करणाऱ्याने संक्रांतीच्या आसपास अंडी बसवावीत. पिल्लं फेब्रुवारीच्या मध्यावर निघतात, ऊन तापायच्या आत त्यांना पिसं फुटू लागतात, आणि महिनाभर गार करायला खोलीतली हवाच पुरते. एप्रिलच्या पंधरवड्यानंतर कूलर आणि विजेची खात्री असेल तरच यंत्र लावा. नसेल तर त्या दिवसांतली अंडी ताजी असतानाच खाऊन टाका. एका अंड्याचं आम्लेट तिघांना पुरतं.